अस्सलबरहुकूम नक्कल

जुनी वस्तू आणि जुन्यासारखी केलेली वस्तू यांच्यात भेद कोणता, हा प्रश्न वरवर पाहता जुन्या बाजारातील दलालांनी आणि पदार्थसंग्रहालयांच्या अधिकाऱ्यांनी सोडवावा असा वाटतो. वस्तूला वर्षे किती झाली, धातू कोणता, शिवण हाताची की यंत्राची, एवढे ठरले की प्रश्न मिटला, असा सर्वसाधारण समज आहे. आमचे मत थोडे निराळे आहे. वस्तूचे वय ठरविणे हे तज्ज्ञाचे काम खरे. परंतु नवी वस्तू जुनी म्हणून मिरवावी की नाही, आणि जुनी वस्तू अंगावर चढविल्याने तिचा मान आपल्याकडे येतो की नाही, हे प्रश्न तज्ज्ञाच्या भिंगाखाली मावत नाहीत. ते नीतिविचाराच्या कक्षेतले आहेत. आणि आपला मुलूख सोडून परप्रांतातल्या कचेऱ्या सांभाळणाऱ्या आपणा मंडळींना तर ते विशेष लागू पडतात. या विवेचनासाठी आम्ही मुद्दामच एक क्षुल्लक वस्तू निवडली आहे. ती म्हणजे घोडेस्वाराची तलवार कमरेला लटकविण्याचा कातडी पट्टा. आणि तोही जुना नव्हे, जुन्या नमुन्यावरून नवा करवून घेतलेला.

तलवारीला इतिहासात मान आहे, पट्ट्याला नाही. भवानी आणि जगदंबा ही नावे मराठी मुलाला पाळण्यात असल्यापासून ठाऊक असतात. पण त्या तलवारी ज्या पट्ट्यात अडकविल्या जात त्यांना कोणी नाव दिले नाही. याचे एक कारण अगदी भौतिक आहे. पोलाद शतकानुशतके टिकते. त्यावर गंज चढला तरी तो घासून काढता येतो. कातड्याचे तसे नाही. ते घामाने कुजते, कसरीच्या तोंडी पडते, कोरड्या हवेत तडकते, आणि झाडाच्या सालीने कमावलेले जुने कातडे तर हवेतील आम्लाने हळूहळू लाल भुकटी होऊन झडून जाते. म्हणून संग्रहालयात तलवारी रांगेने मांडलेल्या दिसतात आणि त्यांचे पट्टे मात्र क्वचित दिसतात. ज्याच्या आधारावर पराक्रम लटकत होता तोच आधार प्रथम नाहीसा झाला. उरलेल्या पात्यावरून पूर्वीच्या माणसाची कल्पना करावयाची, तर पट्टा नवा करून घेण्यावाचून गत्यंतर नसते.

वस्तू क्षुल्लक असली तरी तिची रचना विचारपूर्वक केलेली असे. आपल्याकडील जुन्या चित्रांत तलवार कमरेच्या शेल्यात खोचलेली किंवा खांद्यावरून तिरप्या आलेल्या पट्ट्यात अडकविलेली दिसते. या पट्ट्याला हिंदुस्थानीत परतला म्हणतात. एकोणिसाव्या शतकातील पलटणी घोडेस्वाराचा पट्टा कमरेचा असे. त्याला डाव्या बाजूस दोन वाद्या असत. पुढची आखूड आणि मागची लांब, कारण म्यानाला दोन कड्या असत आणि मूठ पुढे झुकलेली राहिली तरच हात सहज पोचे. जवळच एक पितळी आकडा असे. स्वार घोड्यावरून उतरला की म्यान त्या आकड्याला उचलून अडकवी, नाहीतर ते जमिनीवरून खडखडत जाई. त्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी घोडदळातील तलवार खोगिराला बांधण्यात येऊ लागली आणि कमरेच्या पट्ट्याचे मूळ प्रयोजनच सरले. पट्टा मात्र गेला नाही. प्रयोजन संपल्यावर वस्तू एकतर अडगळीत जाते किंवा अलंकार होते. पट्टा अलंकार झाला.

आता विचार करावयाची गोष्ट ही, की या पट्ट्यांपैकी ‘मूळ’ कोणता? इंग्रजी लष्करी खात्याची रीत अशी होती, की प्रत्येक सामानाचा एक नमुना मंजूर करून त्यावर लाखेची मोहोर उठवावयाची, तो कोठारात जपून ठेवावयाचा आणि कंत्राटदाराने हजारो नग त्या नमुन्याबरहुकूम करून द्यावयाचे. म्हणजे रणांगणावर ज्याने घाम आणि रक्त पाहिले तो प्रत्येक पट्टा नक्कलच होता. आणि जो एकमेव मूळ नमुना होता तो कोठाराबाहेर कधी पडलाच नाही. त्याहून बोलके उदाहरण सॅम ब्राऊनचे आहे. १८५८ साली रोहिलखंडातील एका चकमकीत या घोडदळातील अधिकाऱ्याचा डावा हात तुटला. एका हाताने तलवार उपसावयाची तर म्यान धरावयास दुसरा हात नाही. म्हणून त्याने कमरपट्ट्याला खांद्यावरून जाणारी वादी जोडली आणि म्यान जागच्या जागी घट्ट राहील अशी योजना केली. एका थोटक्या माणसाची ही अडचण पुढे जगभरच्या सैन्यांचा दिमाख झाली. आज आपल्या पोलीस खात्यातील अधिकारी समारंभाला तो पट्टा घालून उभे राहतात तेव्हा त्यांचे दोन्ही हात शाबूत असतात. त्यांना कोणी तोतया म्हणत नाही आणि म्हणूही नये. ती त्या एका जखमेची नक्कल आहे, परंतु प्रामाणिक नक्कल आहे.

तेव्हा नक्कल करणे यात मुळात पाप नाही. किंबहुना आपल्या परंपरेने नकलेला फार मोठी जागा दिली आहे. भाद्रपदात आपण मातीचा गणपती आणतो, त्याची प्राणप्रतिष्ठा करतो आणि नेमलेल्या दिवशी विसर्जन करतो. मूळ गणपती कोणता, असा प्रश्न कोणाच्या मनात येत नाही. आपले ग्रंथ टिकले ते लेखकांमुळे जेवढे, तेवढेच नकलकारांमुळे. पोथीच्या अखेरीस तो बिचारा लिहून ठेवी, की समोर जसे दिसले तसे मी उतरले आहे, न्यूनाधिक असल्यास दोष मला लावू नये. मराठी दफ्तरांत तर यासाठी एक नेमका शब्दप्रयोग रूढ होता: अस्सलबरहुकूम नक्कल. मोडी कागदाच्या अंगावर ही अक्षरे असली की वाचणाऱ्यास दोन गोष्टी एकदम कळत. हा कागद मूळ नव्हे. आणि हा कागद मुळाशी इमान राखून आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडशः छापावयास घेतली, त्यानंतर आपल्या संशोधकांनी गावोगावची जी दफ्तरे धुंडाळली, त्यांत मूळ नष्ट झालेले आणि केवळ नकलेच्या रूपाने वाचलेले कागद थोडे नव्हते. नक्कल नसती तर तो इतिहासही नसता.

कचेरीत बसणाऱ्या वाचकांना हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने प्रमाणित नकलेस जे स्थान दिले होते ते, तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला तरी, कायम आहे. अधिकाऱ्याने नकलेच्या तळाशी ती खरी असल्याचा दाखला लिहावयाचा, तारीख घालावयाची, नाव व हुद्दा लिहून सही करावयाची आणि जेथे मोहोर असेल तेथे ती उठवावयाची. म्हणजे नक्कल ग्राह्य ठरते ती ‘मी नक्कल आहे’ असे ती स्वतःच कबूल करते म्हणून. हाच कागद जुनाट दिसावा म्हणून कोणी चहाच्या पाण्यात बुडविला आणि तळाचा दाखला फाडून टाकला, तर त्यातील एकही अक्षर न बदलता तो बनावट होतो. आपल्या धर्मशास्त्राने अशा बनावट राजपत्राला ‘कूटशासन’ असे नाव दिले असून मनुस्मृतीने ते करणाऱ्यास कठोरातली कठोर शिक्षा सांगितली आहे. अक्षरांत फरक नाही, कागदात फरक नाही. फरक एका दाखल्याचा. सगळी नीती त्या एका ओळीत साठलेली आहे.

पट्ट्याच्या तळाशी दाखला कोण लिहिणार, हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला तो बेंगळुरातच. येथील एका मराठी मंडळाने झाशीच्या राणीवरील नाटक बसवावयाचे ठरविले आणि त्यातील इंग्रज कप्तानासाठी तलवारीचा पट्टा शोधण्याची कामगिरी आमच्याकडे आली. तलवार लाकडाची होती; तिला परवाना नको होता. पट्टा मात्र खरा दिसावा असा दिग्दर्शकांचा आग्रह. चिकपेठेच्या बाजूस नाटकाचे पोशाख भाड्याने देणाऱ्यांकडे पट्टे होते, पण ते रावणाच्या आणि दुर्योधनाच्या कमरेचे. रेक्झिनवर सोनेरी कागद चिकटविलेले. शेवटी शिवाजीनगरात, जुन्या छावणीच्या गल्ल्यांत, खोगिरे आणि लगाम शिवणारा एक वृद्ध कारागीर सापडला. त्याने आम्ही नेलेले चित्र बराच वेळ पाहिले, पुढची वादी आखूड का याचे कारण आम्ही न विचारताच सांगितले, कातड्याची जाडी बोटांनी मोजली, दोन सुयांची शिवण घालावी लागेल म्हणून बजावले, आणि मग सहज विचारले, “नया होना की पुराना होना, साब?”

दखनी बोलीत ‘होना’ म्हणजे ‘पाहिजे’. नवा दिसणारा हवा की जुना दिसणारा, एवढेच त्याला विचारावयाचे होते. जुना हवा असेल तर थोडे पैसे अधिक पडतील. कारण कातडे उन्हात तापवावे लागते, वाळूने घासावे लागते, बकलावर काळिमा आणावा लागतो, जेथे म्यान घासत असेल तेथे झीज दाखवावी लागते. पंधरा दिवसांत दीडशे वर्षे आणून देतो, असे त्याने कोणतीही बढाई न मारता सांगितले. गिऱ्हाईक तसे मागते म्हणून तो तसे करतो; त्यात त्याला लपवाछपवी वाटत नव्हती आणि आम्हीही त्याला दोष देत नाही. मंडळातील एका सद्गृहस्थांनी मात्र लगेच सुचविले की जुनाच करावा. प्रयोग एका रात्रीचा. त्यानंतर तो आपण विकत घेऊ आणि दिवाणखान्यात वडिलार्जित तलवारीखाली टांगू. तलवार आहे, पट्टा नाही. जोडी पुरी होईल. नाही तरी त्याने कोणाचे काय बिघडणार आहे?

‘कोणाचे काय बिघडणार आहे’ हा युक्तिवाद आम्हांला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. तो बहुतेक सभ्य माणसांचा युक्तिवाद आहे. पैशाची फसवणूक नाही, सरकारी कागद नाही, विक्री नाही. घरच्या भिंतीवर काय टांगावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. शिवाय असेही म्हणता येईल, की पणजोबांची तलवार खरी आहे, ते स्वार होते हेही खरे आहे; मग त्यांना पट्टा असलाच पाहिजे. त्या हरपलेल्या पट्ट्याच्या जागी दुसरा लावला तर सत्याचा अपलाप न होता उलट ते पुरे होते. चित्रकार नाही का भिंतीवरचे पुसलेले चित्र रंगवून पुरे करीत?

याला उत्तर द्यावयाचे तर वेदान्तातील एका जुन्या दृष्टान्ताकडे वळावे लागते. शिंपल्यावर रुप्याचा भास होतो. तेथे शिंपला खोटा नसतो आणि रुपेही जगात खोटे नसते. खोटे असते ते ‘हे रुपे आहे’ असे पाहणाऱ्याचे ज्ञान. शिंपला बिचारा काही बोलत नाही, म्हणून त्याच्यावर दोष नाही. परंतु जो जाणूनबुजून शिंपला घासून, उजेड कोणत्या बाजूने येईल ते पाहून मांडतो, त्याने तो भास निर्माण केलेला असतो. कातड्यावर पाडलेली प्रत्येक कृत्रिम भेग हे असे एक न उच्चारलेले वाक्य आहे. ती सांगते, ‘येथे म्यान दीडशे वर्षांपूर्वी घासले’. तोंडाने आपण काहीच बोललो नाही, ही सबब येथे चालत नाही. आपण बोलण्याचे काम भेगेकडे सोपविले आहे एवढेच. आमच्या कायद्यानेही नेमके हेच मर्म ओळखले आहे. १८६० च्या दंडसंहितेचे १४० वे कलम सैनिकाचा वेष करण्याला गुन्हा म्हणत नसे. आपण सैनिक आहोत असा लोकांचा समज व्हावा या हेतूने जो तो वेष करी त्याला गुन्हेगार म्हणे. नव्या न्याय संहितेतही ते तत्त्व राहिले आहे. म्हणूनच रंगभूमीवरचा कप्तान निर्दोष. तिकीट काढून आलेल्या प्रत्येक प्रेक्षकाला तो कप्तान नाही हे ठाऊक असते. पडदा हाच त्याचा दाखला.

दिवाणखान्याला पडदा नसतो. तेथे आज घरधनी हसत हसत सांगतील की पट्टा मागाहून केला. दहा वर्षांनी पाहुण्याने स्तुती केली तर ते नुसते हसतील. वीस वर्षांनी त्यांचा मुलगा, जो बेंगळुरातच वाढला आणि ज्याने आपले मूळ गाव सुटीत चार दिवस पाहिले, तो मित्रांना सांगेल की हा आमच्या पूर्वजांचा. तो खोटे बोलणार नाही. त्याच्यापुरते ते खरेच असेल. ‘कोणाचे काय बिघडणार’ या प्रश्नाचे उत्तर असे तिसऱ्या पिढीत मिळते. ज्याची फसवणूक होते तो अद्याप प्रश्न विचारावयास जन्मलेला नसतो.

येथे परमुलखात राहणाऱ्यांची विशेष जोखीम सुरू होते. गावात माणसाला आपला इतिहास मनाजोगा लिहिता येत नाही. आजोबा खरोखर कोण होते, वतन कशाचे होते, जमीन कोणी विकली, हे सांगणारे चार म्हातारे पारावर बसलेले असतात. परगावी साक्षीदार नसतो. तेथे आपल्या तोंडून निघालेली वंशावळ हीच शेवटची. ती तपासून पाहणारा कोणी नाही, आणि ज्यांना ती सांगावयाची ते सौजन्याने मान डोलवितात. प्रत्येक बदलीबरोबर कुटुंबाचा पराक्रम थोडाथोडा वाढलेला आम्ही पाहिला आहे. पुण्यास असताना ज्यांचे पूर्वज पानिपताच्या मोहिमेत कारकून होते, ते दोन बदल्यांनंतर तोफखान्यावर गेले. यात दुष्टपणा नसतो, एकटेपण असते. आपण कोण हे सांगणारे कोणी भोवती नाही, म्हणून माणूस ते स्वतःच, किंचित मोठ्या आवाजात, सांगू लागतो. तो मोह समजण्यासारखा आहे. म्हणूनच तो ओळखून आवरावयास हवा. साक्षीदार नसेल तेथे वस्तूनेच स्वतःची साक्ष दिली पाहिजे.

ही साक्ष कशी द्यावी याचा एक धडा अलीकडेच आपल्यापुढे आला. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्यास आली. ती शिवछत्रपतींचीच की काय, यावर मोठा वाद झाला. त्या वादात आम्हांला शिरावयाचे नाही. लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट एवढीच, की ज्या संग्रहालयाकडे ती वस्तू होती त्यानेच स्पष्ट म्हटले होते, की साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडून ती आली अशी नोंद आहे, पण अफजलखानाच्या वेळची ती हीच, हे सिद्ध करणे शक्य नाही. वस्तूविषयी आपल्याला ठाऊक आहे तेवढेच लिहिणे आणि त्यापुढे लेखणी थांबविणे, याने त्या नखांचा मान कमी झाला नाही. साताऱ्यास लोकांनी ती पाहावयास गर्दी केलीच. दुसरे उदाहरण २०२५ चे. लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र शासनाने नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार परत आणली. तिचे पाते युरोपात घडलेले आहे. पाठीवर देवनागरीत सेनासाहेब सुभा रघूजींचे नाव आहे. लेखात तिला ‘फिरंग’ असेच म्हटले आहे. परदेशी पात्याला स्वदेशी म्हणविण्याची गरज भोसल्यांना वाटली नाही. त्यांनी त्यावर आपले नाव घातले, पण त्याचे मूळ पुसले नाही. अस्सलपणाचा याहून साधा कित्ता आम्हांला ठाऊक नाही.

पट्ट्याच्या बाबतीत आणखी एक प्रश्न उरतो. आपण कोणाचा पट्टा बांधीत आहोत? बेंगळुरात हा प्रश्न चांगलाच अवघड होतो. १६३८ च्या सुमारास हे शहर आदिलशाहीकडून शहाजीराजांकडे आले आणि जवळजवळ अर्धशतक भोसल्यांकडे राहिले. म्हणून येथला मराठी माणूस थोड्या अभिमानाने इकडेतिकडे पाहतो. परंतु २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात म्हैसूरचे घोडदळ वेलस्लीच्या बाजूस, मराठ्यांच्या विरुद्ध, उभे होते. आणि नेमक्या त्याच तारखेस, २३ सप्टेंबर १९१८ रोजी, म्हैसूर लान्सर्सनी जोधपूरच्या स्वारांबरोबर हैफा शहर तुर्कांकडून घेतले. दिल्लीच्या तीन मूर्तींपैकी एक मूर्ती त्या म्हैसूरच्या स्वारांची आहे. येथे जयचामराजेंद्रनगरातही त्यांचे स्मारक आहे. १९५३ साली संस्थानी घोडदळांच्या उरलेल्या तुकड्या एकत्र करून ६१ वे घोडदळ उभारण्यात आले, त्यात म्हैसूरचे स्वारही विलीन झाले. या शहरात घोडेस्वाराचा पट्टा करवून घेणाऱ्याच्या मागे हे सगळे स्वार उभे असतात, आपल्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचेही. म्हणून आमच्या मते येथे एक रेघ स्पष्ट ओढावयास हवी. पट्ट्याची घडण, वाद्यांची लांबी, आकड्याची जागा यांची नक्कल खुशाल करावी. ती कारागिरी आहे आणि कारागिरी नकलेनेच जगते. परंतु पलटणीचे चिन्ह आणि शौर्याचे पदक यांची नक्कल अंगावर मिरवू नये. घडण कोणाच्याही कमरेला बसते. पदक ज्याने मिळविले त्याच्याच छातीवर शोभते.

याच ठिकाणी आपल्या जुन्या लष्करी भाषेतील एक भेद आठवतो. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. सरकारच्या घोड्यावर बसे तो बारगीर. बारगिराचे घोडे सरकारचे, खोगीर सरकारचे. चाकरी सुटली की सगळे पागेत जमा करून तो पायी घरी जाई. यात त्याला कमीपणा नव्हता. मात्र सरकारी घोड्यावर बसून स्वतःला शिलेदार म्हणविणाऱ्याला सगळी पागा हसत असली पाहिजे. आपणा अधिकारी मंडळींची स्थिती याहून वेगळी नाही. बंगला सरकारी, मोटार सरकारी, खुर्ची सरकारी, आणि आपण दाराशी आलो म्हणजे उठून उभा राहणारा माणूसही सरकारी. त्या माणसाचे नाव पाहा: शिपाई. कधीकाळी तो लढत असे. मुंबई इलाख्यात त्याला पट्टेवाला म्हणत, कारण तलवार गळून पडली तरी कमरेचा पट्टा आणि त्यावरची पितळी चपरास राहिली. कर्नाटकातील कचेऱ्यांत त्याला दलायत म्हणतात. तो मुळात ढाल वाहणारा ढालाईत. आणि आत बसलेले ‘सचिव’ तरी कोण? अष्टप्रधानांतील एका पदाची ती अस्सलबरहुकूम नक्कल. आमची सगळी कचेरी म्हणजे नावांच्या रूपाने उरलेली एक छावणी आहे.

ही नक्कल खोटी की खरी, हे कशावर ठरावे? पदाच्या वयावर नव्हे. मराठीत ‘कंबर बांधणे’ म्हणजे निश्चय करणे. पट्टा आवळला की माणूस कोणत्या तरी कामास बांधला जातो, ही त्या शब्दप्रयोगामागची जाणीव. पट्टा शोभेचा होऊन बंधन विसरले गेले, म्हणजे त्याच कमरेविषयी दुसरी म्हण वापरावी लागते, कमरेचे सोडून डोक्यास गुंडाळल्याची. दीडशे वर्षांचा अस्सल पट्टा बांधूनही जो आपल्या दारी आलेल्या माणसाचा अर्ज महिनोन् महिने अडवून ठेवतो, त्याच्या कमरेला ती नुसती वादी आहे. उलट काल शिवलेला पट्टा बांधून जो आपले काम करतो, त्याने जुन्या पट्ट्यामागचे बंधन जसेच्या तसे उतरून घेतले आहे.

शिवाजीनगरच्या कारागिराला आम्ही ‘नवा’ असे सांगितले; आणि आतल्या अंगाला, शरीराला लागणाऱ्या बाजूस, करणाऱ्याच्या खुणेचा आणि सालाचा ठसा मारावयास सांगितला. त्याला त्याचे थोडे आश्चर्य वाटले, पण ठसा त्याने मोठ्या समाधानाने मारला. जुन्या दिसणाऱ्या पट्ट्यांवर त्याला आपली खूण कधीच उमटविता आली नसती. खोट्या जुनेपणाने पाहणारा फसतो एवढेच नव्हे, तर करणाऱ्याचे नावही पुसले जाते, हे त्या वेळी ध्यानात आले. पट्टा सध्या त्या सद्गृहस्थांच्याच घरी तलवारीखाली आहे. नवाकोरा असल्याने तो प्रथमदर्शनी विजोड दिसतो. पाहुणे हटकून त्याविषयी विचारतात, आणि मग तलवारीची खरी हकीकत सांगावी लागते: पणजोबा कोणाच्या पागेत होते, काय होते आणि काय नव्हते.

परप्रांतात आपण जे मराठीपण मांडतो तेही याच जातीचे आहे. येथला गणेशोत्सव गिरगावातला नव्हे, येथली दिवाळी नागपूरची नव्हे, आणि आपल्या मुलांची मराठी तर कन्नडच्या आणि दखनीच्या वळणाने चालते. ती मूळ असल्याचा आव आणला की ती कृत्रिम दिसू लागते. आणि मूळ नाही म्हणून तिची लाज धरली तर ती सुटून जाते. दोन्ही करण्याचे कारण नाही. मुळाशी इमान राखावे, कोठे आणि केव्हा केली ते आतल्या अंगाला लिहावे, आणि वापरावी. वापरता वापरता तिच्यावर ज्या भेगा पडतील त्या मात्र आपल्या स्वतःच्या असतील. त्या पुसू नयेत आणि उसन्याही आणू नयेत.